ठोके थांबेपर्यंत

वाचकहो, प्रस्तुत कथेत माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या जीवावर बेतलेल्या प्रसंगाचे निवेदन करण्यात येत आहे. मी व्यवसायाने होड्यांचा सुतार असून लेखणीपेक्षा रंधा माझ्या हाती अधिक बसतो. तथापि सर्व वृत्तांत क्रमाने सांगण्याचा मी मनापासून प्रयत्न करीन.

आमच्या सरोवराच्या पलीकडच्या अंगास एक निर्जन काठ आहे. तेथे पायवाट जात नाही. लव्हाळ्याच्या दाट भिंतीतून होडीनेच आत शिरावे लागते. आतील पाणी उथळ व नितळ असून तळाशी जिवंत झरे आहेत. पांढरी वाळू आधण आल्याप्रमाणे अखंड उसळत असते, मात्र हात घातल्यास हाडे ठणकतील इतके पाणी गार असते. उन्हाळ्यात मासे त्या गारव्यास येऊन राहतात.

त्यांना धरण्याची रीत जुनी आहे. जाळे अर्धवर्तुळात सोडून एकाने त्याचा दोर काठावर धरावयाचा. दुसऱ्याने होडीच्या फळीवर लाकडी ठोकणीने ठोके देत मासे जाळ्याकडे हाकावयाचे. ठोके चालू असेपर्यंत दोर ओढावयाचा नाही. घाईने ओढल्यास होडीतला माणूस जाळ्यात गुरफटून बुडण्याचे भय असते.

माझी बहीण दोर धरीत असे व मेहुणे ठोके देत असत. दोन संथ आणि एक लगबगीचा, ही त्यांची ओळख होती. गतवर्षी एके दिवशी त्यांची होडी रिकामी आढळली. लोकांनी पाणी ढवळून काढले, परंतु देह मिळाला नाही. बहीण मात्र काठावर दोर धरून उभीच होती. अखेर तिची बोटे बळेच सोडवून, दोर काठावरच्या एका झाडाच्या मुळीस बांधून, तिला घरी आणण्यात आले. ती एवढेच म्हणे, "ठोके थांबले नाहीत. मग मी ओढू कशी?"

वर्ष उलटले. तिने अन्न टाकल्यासारखे केले होते. दिवसभर ती खिडकीत बसून सरोवराकडे कान लावी. तिला कायमची माझ्या घरी नेण्याच्या निश्चयाने मी गेलो.

"चिमे, चल आता. वहिनी वाट बघतेय तुझी."

"वहिनी बघतेय का घासायची भांडी?" ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिने केलेली ही पहिलीच थट्टा होती, म्हणून मला धीर आला.

"दोघंही बघतायत. ऊठ."

"येते. पण आधी तिकडे जाऊन जाळं ओढायचं. ते राहिलंय ना माझं. ओढलं की सुटले मी, मग तू म्हणशील तिथं राहीन."

"आणि ठोके?"

"थांबलेले असले तरच ओढायचं."

वर्षानंतर पाण्यात कोण ठोकणार, असा विचार करून मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी आम्ही लव्हाळे ओलांडले. तेथे पाखरू नव्हते, वाराही नव्हता. बहीण काठावर उतरली व तिने मुळीचा दोर सोडला. तो कुजला नव्हता; आताच वळल्यासारखा ताजा होता. मी होडीतच थांबलो.

"झालं का? कुठं काय ऐकू येतंय? ओढ आणि चल," मी म्हणालो.

"गप्प बस रे. पाय टेक खाली."

मी तळव्यांनी फळी दाबून धरली. खालून, पाण्याच्या बाजूने, कोणीतरी ठोकत होते. दोन संथ आणि एक लगबगीचा.

"हेच आहेत," बहीण म्हणाली. "बघ ना, किती दमलेत."

ठोके खरोखरच मंदावत होते. त्याच वेळी दोर ताठ होऊन झऱ्यांच्या दिशेने सरकू लागला. दोरासोबत बहीण पाण्यात आली. प्रथम घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत.

"चिमे, सोड तो दोर!"

"वेडा आहेस का? आत्ता थांबतील!"

आणि ते थांबले. त्याच क्षणी तळाची वाळूही उसळायची थांबली. बहिणीने मुठी आवळल्या. ती सर्व बळाने ओढणार आणि पलीकडचे बळ तिला घेऊन जाणार, हे मला स्पष्ट दिसले. मी पिशवीतली हातोडी काढली व फळीवर ठोके देऊ लागलो. दोन संथ, एक लगबगीचा.

तिचे हात जागीच थबकले. ती कान देऊन उभी राहिली. मी जरा मंदावलो की तिच्या मुठी पुन्हा आवळत. म्हणून एका हाताने ठोकत आणि दुसऱ्या हाताने वल्हे मारीत मी कसाबसा तिच्यापाशी पोहोचलो.

तिने माझ्या हातातली हातोडी पाहिली.

"दादा, तू ठोकत होतास? खिळा ठोकल्यासारखा वाजतोय, तरी मला कळलं नाही." तिचा चेहरा उतरला. "मग ते थांबले केव्हा?"

मी होडी तिच्या अंगाशी लावली. तिला खेचून होडीत घेतले आणि पटाशीने दोर कापला. त्याचे टोक सळसळत झऱ्यात गेले आणि वाळू पुन्हा उसळू लागली.

आता ती आमच्याकडे असते, जेवते, वहिनीशी भांडतेही. परंतु माझ्या कारखान्यातली हातोडी थांबली की ती अंगणात येऊन उभी राहते आणि दोर नसताना एका हातापुढे दुसरा हात टाकून ओढू लागते. तिच्या तळव्यांवर दोराचे ओले वळ उठतात. या कारणास्तव काम नसतानाही मी फळ्या ठोकीत बसतो.

काल हात भरून आल्यामुळे मी थोडा वेळ थांबलो. ती ओढता ओढता थबकली आणि माझ्याकडे पाहून प्रसन्न हसली.

"दादा, आता जड लागतंय. जवळ आलंय बघ."

इतके सांगून मी लेखणी ठेवतो, कारण ती अंगणात आली आहे आणि मला हातोडी घ्यावयाची आहे. माझे ओबडधोबड लिखाण आपण सर्वांनी शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
दादा सुतार, होडीवाला