चिमूटभर माती

मी रामनाथ, उमरोळीचा. तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं गेटवर वॉचमन होतो आणि त्या गेटवर माझ्याइतक्या थापा कुणी मारल्या नसतील. एका वर्षी असा गॅस सुटला की बोईसरचे कावळे उलटे उडायला लागले, शेपटी पुढे अन् चोच मागे! हे मी इतक्यांदा सांगितलंय की सरावलीतले लोक अजून आभाळाकडे बघतात. आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं खरं आहे आणि तिथेच पंचाईत झाली.

गेल्या साली कारखान्यानं फतवा काढला. ठेक्यावरच्या प्रत्येकाला सुरक्षेचं प्रशिक्षण. सर्टिफिकेट नाही त्याचा गेटपास बंद. तेव्हा ड्रम धुणारी ठमी मला शोधत आली. डोंगरातली बाई, अकरा वर्षं इथे. पावसाळ्यात गावाला जाऊन भात लावायचं, बाकी वर्ष सरावलीच्या खोलीत. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

"बाबा, पास गेला तं पोरीला कुठून शिकवू? नर्सिंगला हाय ती. अजून दोन वर्सं हायती."

तिच्या सोबतीला मीही वर्गाला गेलो. वर्गाबाहेर फलक होता : 'प्रत्येकाला शिकता येईल असे प्रशिक्षण'. खटपटही केली होती, नाही कशाला म्हणू? शिकवायला पालघरहून हेमांगी मॅडम यायच्या, मनानं चांगली बाई. पायऱ्यांवर उतार बांधला, भिंतीवर हाताएवढी अक्षरं, आणि वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलणारा टॅब. टॅब म्हणायचा, 'आपत्कालीन प्रसंगी निर्धारित मार्गाचे अनुसरण करावे.' ठमीनं दोनदा ऐकलं, मग टॅब उलटा करून मागून बघितला.

"बाबा, ह्यो कोनाशी बोलतो?"

मॅडम हसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "काका, तुम्ही गोष्टी छान सांगता म्हणे. यांना यांच्या पद्धतीनं समजावाल?"

गळ्यात प्रशिक्षकाचं ओळखपत्र अडकवून मी सुरू झालो. म्हटलं, गॅस म्हणजे उधळलेला रेडा. वारा त्याची शेपटी पिरगाळतो अन् नेईल तिकडे तो धावतो. पुढे पळालात तर तुडवतो, सामोरे गेलात तर शिंगावर घेतो.

ठमीचा चेहरा उजळला. "म्हंजे राब भाजतो तसाच की!" पेरणीआधी डोंगरात पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. "आग लावाच्या आधी चिमूटभर माती सोडून बगायची. माती उडते तिकडं माणसानं उबं नाय ऱ्हायाचं. आडवं निंगायचं. आमच्यात बारकी पोरगीबी जानते."

"शाबास ठमे! एवढंच लक्षात ठेव." हे मीच म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

परीक्षेच्या दिवशी शैलेश नावाचे साहेब मुंबईहून टॅब घेऊन आले. दुपारची वेळ, समुद्राकडून वारा सणसणत होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी गच्चीवर होती, पण ती वर्षभर फाटकीच. ड्रमच्या आवारात धुराचा डबा पेटवला. भोंगा झाला. भिंतीवरचे बाण पूर्वेला, जमायच्या हिरव्या चौकटीकडे, साठ माणसं बाणामागे, अन् धूर साठांच्या मागे. चौकटीत पोचेपर्यंत सगळे डोळे चोळत खोकत होते. साहेबही खोकत होते आणि खोकत खोकतच माणसं मोजत होते.

"एक कमी आहे."

ठमी उत्तरेला पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. धुराचा वासही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. चिमटीतली माती तिनं अजून पुरती झटकलेली नव्हती.

"तिकडे का गेल्या?"

"वारा बगला, साहेब."

साहेबांनी टॅबवर बोट ठेवलं. तिथे दोनच खाने होते : पोचला, नाही पोचला.

मी पुढे झालो. "साहेब, एकटी हीच बरोबर आहे. खरा गॅस असता तर तुमची साठ माणसं..."

"काका!" मागून ठेकेदाराचा माणूस प्रताप ओरडला. "साहेब, ह्यांचं मनावर घेऊ नका. ह्यांच्याकडे कावळे उलटे उडतात!"

साठ माणसं हसली. ज्यांचे डोळे अजून गळत होते, तीही हसली. मी शपथ घेतली तर आणखी हसली.

हेमांगी मॅडमनी साहेबांना बाजूला घेतलं, हातवारे करकरून बोलल्या. परत आल्या तेव्हा माझ्याकडे बघत नव्हत्या. "काका, मला कळतंय हो. पण ते लिहायला त्यात जागाच नाही. पुढची बॅच सहा महिन्यांनी."

त्याच संध्याकाळी ठमीनं पास जमा केला. जिथे मी तीस वर्षं बसलो, त्याच खिडकीत.

"बाबा, मी चुकले काय?"

"नाय ग."

"मंग तुमी खोटं शिकवलं?"

उत्तराला ती थांबली नाही. आता ती वीटभट्टीवर आहे, भिवंडीकडे. पोरगी नर्सिंग सोडून तिच्याबरोबर गेली.

माझं ओळखपत्र मात्र गळ्यात आहे. पुढची बॅच भरली, त्यातही ठमी नव्हती. मी शिकवलं : भोंगा झाला की बाणाकडे पळा. रेडा नाही, शेपूट नाही. सगळे पास झाले. फक्त ठमीच्या जागी कामाला लागलेल्या बायडी नावाच्या बाईनं विचारलं होतं, "आनी वारा कुठला हाय ते?"

"ते परीक्षेत नसतं," मी म्हणालो. तिनं लगेच विश्वास ठेवला.