ताणलेली साखळी

मी एक जुना, भुरा कुत्रा आहे. विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांमागे जन्मलो, आणि शेखरदादांच्या पिशवीतून नाशिक रोडला आलो. घरभर फिरायचो, चोराला अडवायचो, सगळे "शहाणा भुऱ्या" म्हणायचे.

मग घरात बाळ आलं. रांगता रांगता एक दिवस त्याने माझ्या ताटलीत हात घातला. मी साधा गुरगुरलोही नाही! पण उज्वलावहिनी किंचाळल्या, "उद्या चावला म्हणजे?" त्याच दुपारी मागच्या भिंतीच्या मधोमध कडी ठोकली आणि मला साखळी लागली.

मित्रांनो, मी रडलो नाही. एक मात्र ठरवलं, साखळी ढिली पडू द्यायची नाही. भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ती ताणून चालायचो. अंगणात गवत मरून अर्धगोल वाट उमटली, कंपासने काढल्यासारखी.

दादांची बहीण हर्षाली अकरावीला. ओट्यावर बसून घोकत होती, "एक रेडियन म्हणजे सत्तावन्न पूर्णांक तीन दशांश अंश... शी! असला आकडा कोणी ठरवला?"

तेवढ्यात तिची नजर माझ्या वाटेवर पडली. कडीपासून वाटेपर्यंत तिने सुतळी ताणून कापली. ती माझी त्रिज्या. मग तीच सुतळी वाटेवर वाकवून ठेवली.

"वहिनी, बघ ना! एवढं चालला की कडीपाशी एक रेडियन कोन. आकडा कोणी ठरवलाच नाही, सुतळीनेच सांगितला!"

अर्ध्या फेऱ्यात सुतळी तीनदा बसली, वर थोडी जागा उरली.

"अभ्यास कर, कुत्रा काय मोजतेस," वहिनी म्हणाल्या. पण माझी झिजलेली वाट त्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट लांब साखळी आणवली. "घे बाबा, आता तरी खूश?"

मी तीही ताणली. नवी वाट उमटली. हर्षालीने नवी, दुप्पट सुतळी कापून मोजलं. तीनदा, आणि वर थोडी जागा.

"वाट दुप्पट झाली गं, पण कोन तेवढाच."

"म्हणजे मी याला काहीच दिलं नाही?"

"चालायला जास्त दिलंस. बांधलेला तो तसाच."

संध्याकाळी वहिनी बाळाला कडेवर घेऊन आल्या. वाकून त्यांनी माझी साखळी सोडली. बाळाने माझा कान ओढला. मी ओढू दिला. मग दोन्ही गोल वाटा ओलांडून सरळ फाटकापर्यंत गेलो, आणि आपणहून परत आलो.

आता रोज संध्याकाळी मला सोडतात. सकाळी पुन्हा साखळी. एवढ्यावर मी समाधान मानणार नाही, सकाळी ती ताणूनच चालतो.

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी बांधलेलं असेल तर नुसती साखळी लांब करून उपकार केल्यासारखं बोलू नका. आधी सुतळी घ्या आणि त्याचा कोन मोजा.