आजपासून ही तुमची

दचकू नका, बोलतेय ती मी, कात्री. घरात कागद कापायला ठेवतात तसली चिमुकली नव्हे. कपड्यांच्या कारखान्यातली, हातभर लांब आणि चांगली वजनदार. एखादीची जीभ कात्रीसारखी चालते असं लोक म्हणतात. माझी स्वतःची मात्र आज पहिल्यांदाच चालतेय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

लोखंड तापवून, ठोकून मला घडवलं, तेल लावलेल्या कागदात गुंडाळलं आणि मी या कारखान्यात आले. विकत घेतलं मालकांनी, पण हातात धरलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमच्याकडे कापड बेतून कापणारे कारागीर. बावीस वर्षांत माझी मूठ त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झाली. दुसऱ्या कुणी उचललं की मी मुद्दाम कापड कुरतडते. आहे माझा स्वभाव तसा.

तेव्हा मास्तरांना पगार होता. मालक दर महिन्याला त्यातून थोडा थोडा कर कापून सरकारात भरत. म्हातारपणासाठीच्या फंडात मास्तरांचे जितके जात, तितकेच मालक आपल्या खिशातून घालत. मास्तर मात्र पगाराचा कागद बघून कुरकुरायचे, "निम्मे तर हातात यायच्या आधीच उडतात." निम्मे काही उडत नव्हते. पण हातात न आलेला पैसा माणसाला नेहमी जास्तच वाटतो.

एका सकाळी मालकांनी त्यांना बोलावलं.

"मास्तर, नोकरी पुरे झाली. आता तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. महिन्याला बिल द्यायचं, पैसे पूर्ण घ्यायचे. एक पैसा कापणार नाही." मग मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "आणि आजपासून ही तुमची."

मास्तरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मलाही आभाळ ठेंगणं झालं. त्या भरात त्यांनी कंत्राटाच्या कागदावर न वाचताच सही केली.

घरी गेल्या गेल्या ते बायकोला म्हणाले, "अगं, आता पैसे पूर्ण येणार. तू बेकरी सोड. त्या गुडघ्यांना जरा बसू दे." ती चौदा वर्षं बेकरीत दिवसभर उभी राहत होती. तिने काम सोडलं, आणि दुपारच्या वेळी पाय लांब करून बसणं काय असतं ते तिला पहिल्यांदा कळलं.

वर्ष सरलं आणि कर कार्यालयाचं पत्र आलं. वर्षभराचा कर एकदम, फंडाचे दोन्ही वाटे, वर हप्ते वेळेवर न भरल्याचा दंड.

"अहो, हे भरायचं कुणी होतं?" बायकोने विचारलं.

"दर महिन्याला मालकच भरायचे."

"पण आता तुम्हीच तुमचे मालक ना?"

मास्तरांनी पत्र पुन्हा वरपासून वाचायला घेतलं. तेव्हा तीच म्हणाली, "बेकरीत विचारून येते, जागा असेल अजून." मास्तरांनी तिला चार दिवस थांब म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

स्वतंत्र माणसाला धंद्याचा खर्च दाखवून कर कमी करता येतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. खर्च होता. वर्षभर माझ्या धारेचे पैसे त्यांनीच दिले होते. पण धारवाल्याकडे पावती मागतो कोण? म्हणून ते मलाच पंच्यात गुंडाळून कर कार्यालयात घेऊन गेले. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "यात काय आहे?" मास्तर म्हणाले, "खर्च."

आतल्या बाईंनी पावती मागितली.

"पावती नाही हो, पण ही बघा ना किती झिजलीय!"

बाईंनी हसू कसंबसं दाबलं आणि बाकीचे कागद मागितले. मास्तरांनी गठ्ठाच पुढे सरकवला. त्यातून एक चिठ्ठी बाहेर पडली.

"हे काय?"

"रजेची चिठ्ठी. मालकांच्या सहीशिवाय येणार कसा?"

"तुम्ही स्वतंत्र ना? मग रजा कसली घेता?"

"अर्ध्या दिवसाची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कामाची वेळ?"

"नऊ ते सहा. दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचे पैसे गेले."

"दुसऱ्या कुणाचं काम घेता?"

"छे! मालकांना चालायचं नाही."

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "यात तुमची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे. ही कात्री. बाकी तुम्ही नोकरच आहात. तसं लिहून द्या, आम्ही चौकशी करू. तुमचा कर तुम्हालाच भरावा लागेल, हप्त्याने भरा. पण फंडातला मालकांचा वाटा आणि हा दंड त्यांच्याकडून घेता येईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःची अवजारं असणारा तो स्वतंत्र, असं कागदावर दिसावं म्हणून मला भेट म्हणून दिलं होतं. मला बक्षीस केलं नव्हतं, खोटी साक्षीदार केलं होतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला मालकांच्या टेबलावर ठेवलं.

"मालक, ही तुमची कात्री. मला माझा पगार द्या."

"बावीस वर्षांचा घरोबा, आणि माझी तक्रार करता?"

"घरोबा आहे म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. तक्रारीचा कागद अजून खिशातच आहे."

मालक पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण फंडातला वाटा भरला, दंड भरला आणि महिनाअखेरीस पगाराचा कागदही दिला. हातात आले ते गेल्या वर्षीपेक्षा कमीच. बायकोने तो कागद दोनदा वाचला.

"हे जे कापलंय, ते आपल्याच नावावर जमा होतं ना?"

"हो."

"मग जाऊ दे." बेकरीत तिने आता सकाळचे दोन तास पाव बांधायचं काम धरलंय. बसून करायचं आहे, हे तिने आधी विचारून घेतलं.

मी पुन्हा कारखान्याच्या खिळ्यावर असते. मास्तरांची नाही याचं वाईट वाटतं, पण रोज नऊ वाजता त्यांचाच हात येतो. तुम्हाला एवढंच सांगते. कुणी तुमच्या हातात अवजार ठेवून म्हणालं, "आजपासून हे तुमचं," तर आनंद जरूर करा. फक्त सही करायच्या आधी त्याला एक विचारा: उद्या मी आजारी पडलो, तर रजा कुणाकडे मागू? तो जर म्हणाला, "माझ्याकडे, अजून कुणाकडे?" तर अवजार तिथेच ठेवा आणि पगार मागा.