तेहोकोतेचं मूळ

ओतिलिया भराभर बारीक होत होती, आणि मला चैन पडत नव्हतं. धाकटी बहीण माझी. तिच्या घरात काय शिजतंय ते मला कळायलाच हवं. तिच्या मुलीचा, हासिंताचा, पंधरावा वाढदिवस, आमच्याकडे लग्नाइतकाच मोठा सोहळा, तोंडावर आला होता. मायलेकींनी एकाच कापडाचे झगे शिवायला टाकले होते.

"खरं सांग, काय खातेस तू?"

"तेहोकोतेचं मूळ. ऑनलाइन मागवलं. रोज एवढासा तुकडा. झाडपाल्याचंच आहे ताई, त्यानं काय होणार?"

तेहोकोते! नाताळात ज्या झाडाची फळं घालून आम्ही पातेलंभर पोंचे, म्हणजे गोड गरम सरबत, उकळतो, तेच. ते पिऊन आमच्या गल्लीत आजवर कुणी बारीक झालेलं नाही. जानेवारीत उलट सगळ्यांच्या शिवणी उसवतात.

"मूळ कधी कुणी खाल्लंय गं?"

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत नाक!" ती हसली आणि तशीच मोरीकडे धावली. ओकून आली तेव्हा ओठ पांढरेफटक होते. मी मनगट धरलं. नाडी मध्येच थांबायची, मग पुन्हा चालायची.

पाकिटातलं मूळ तिनं एका डबीत काढून ठेवलं होतं, ती मी उघडली. तुकडे फिकट, गुळगुळीत, एका बाजूनं फुगीर. मुळाला कुठे अशी पाठ असते? आणि हा आकार माझ्या ओळखीचा होता. माझा नवरा नाबोर सणाला चर्चपुढे नाचतो. त्याच्या पायातले खुळखुळे पिवळ्या कण्हेरीच्या बियांच्या कवचांचे असतात. ती कवचं कोरली की आतला गर आम्ही खोल पुरतो, कारण शेळीनं तो खाल्ला तर शेळी मरते, आणि माणसाची आधी नाडी अडखळते, मग डोळ्यांपुढे पिवळं येतं.

अंगणात कण्हेर होतीच. खाली पडलेली एक बिट्टी उचलून मी पाट्यावर फोडली आणि आतला गर डबीतल्या तुकड्याशेजारी ठेवला. काडीचाही फरक नव्हता.

"ओतिलिया, हे विष आहे!"

"पाकिटावर तर तेहोकोते लिहिलंय."

"पाकिटावर काय, माझ्या कपाळावर राणी लिहिलंस तर मी राणी होईन? चल, दवाखान्यात चल. आणि हे तू एकटीच घेतेस ना?"

तिची नजर हासिंताच्या खोलीकडे गेली.

"तिचा झगा कमरेत घट्ट होत होता गं," ती पुटपुटली.

मी दार ढकललं. पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती आणि दोन्ही डोळे चोळत होती.

"मावशी," ती म्हणाली, "मला सगळं पिवळं का दिसतंय?"