दोन काठांचा कायदा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. तरी एका पत्राबद्दल सांगते. माझे मालक वेहामा यांनी त्या पत्राला उत्तरच दिले नव्हते.

गोलोक नदीच्या मुखाशी, चेंगाल नावाच्या टणक लाकडापासून मला घडवले. एका काठावर मलेशिया, दुसऱ्यावर थायलंड. तरुणपणी मी मलेशियाच्या काठावर सरकारी करारावर शाळेची मुले नेत असे. माझ्या रंगीत नाकाला हात लावूनच ती चढत. त्या काठाची रीत अशी, की करारापुढे सरकारही एखाद्या दुकानदारासारखेच. दोघांनी मान डोलावल्याखेरीज लिहिलेले अक्षर हलत नाही. डिझेल महागले तेव्हा वेहामांनी भाडेवाढ मागितली. "सही तुमचीच ना?" एवढेच उत्तर मिळाले.

पुढे आम्ही थायलंडच्या काठावर, तिथल्या सरकारशी करार करून, शाळेच्या फेऱ्या धरल्या. मग शाळेकडे जायला पूल झाला आणि जिल्हा कचेरीचे पत्र आले: आता शाळेऐवजी वरच्या वस्तीतले आजारी दवाखान्यात न्या. वाट दुप्पट लांब. आपण हो म्हटले नाही म्हणजे जुनाच करार चालू, असे समजून वेहामा गप्प बसले. मी वाळूत पडून उन्हाने तडकू लागले. धक्क्यावरचा चहावाला मला वितीने मोजून म्हणाला, "हिचं टेबल झकास होईल."

वेहामांची पुतणी सुरैदा थायलंडातल्या पतानी शहरात वकिली करते. ती घरी आली तेव्हा पत्र तिच्या हाती पडले.

"काका, हा तो काठ नव्हे. इथे लोकांच्या सोयीसाठी सरकार एकट्याने काम बदलू शकतं. तुम्ही गप्प बसलात तर काम सोडलं असं धरतील. परवापर्यंत उत्तर टपालात पडायला हवं, पत्रातली मुदत संपतेय."

"मग ही तर दांडगाईच झाली."

"अर्धंच ऐकता तुम्ही. बदल त्यांनी केला, तर जादा खर्चही त्यांनीच सोसायचा. पण मागायला हवा."

मासे साफ करता करता रोकियाकाकू म्हणाल्या, "लग्नाला हो म्हणायला यांना दोन वर्षं लागली. सरकार थांबेल होय तेवढं?"

सुरैदाने कचेरीत फोन लावला. तिकडचा कारकून म्हणाला, "होडी त्यांचीच हवी आहे. खर्च कळवा, भरून देऊ." वेहामांनी केवढा तरी श्वास सोडला. माझ्याही फळ्या सैलावल्या.

मित्रांनो, कोणता काठ बरा हे मला सांगता येणार नाही. मी लाकूड, चुकतही असेन. एका काठावर शब्द ताठ उभा राहतो. दुसऱ्यावर तो वाकतो, पण वाकवणाऱ्यालाच भार उचलावा लागतो. माझी विनवणी एवढीच: आपण कोणत्या काठावर आहोत ते विचारून घ्या, आणि लाकडाला तेल व पत्राला उत्तर वेळेवर द्या.

होकार आणि जादा खर्च लिहिताना वेहामांनी तीन कागद फाडले, चौथा पाकिटात घातला. धक्क्याजवळच्या टपालपेटीशी ते जरा घुटमळले. मग पाकीट आत पडल्याचा आवाज मला वाळूतूनही ऐकू आला.