तांबेरा

संग्रामने गव्हाचं पान चिमटीत धरून चोळलं. बोटं तांबडी झाली. कालपर्यंत तांबेरा एका कोपऱ्यात होता. आज अख्खा वाफा धरला होता. औषध दोनदा मारून झालं होतं. नशीबच फुटकं, दुसरं काय!

कुवेतच्या दक्षिणेला, वफ्रातल्या या शेतावर गहू पिकवून दाखवतो, असं त्याने कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, छातीठोकपणे सांगितलं होतं. कफील परवा पीक बघायला येणार होता. पीक गेलं की व्हिसा गेला, आणि चार वर्षांच्या खटपटीनंतर आणलेल्या मायलेकी पुन्हा परभणीला. बायकोला, सुजाताला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारची सुट्टी म्हणून दोघी शहरातल्या अब्बासियाहून शेतावर आल्या होत्या. नऊ वर्षांची योगिनी बांधावर शाळेचं पुस्तक वाचत होती.

“बाबा, रोमन लोकांत तांबेऱ्याचा पण देव होता! त्याचा सण आजच, पंचवीस एप्रिलला.”

“काय करायचे सणाला?”

“धूप, दारू आणि तांबडं कुत्रं. कापायचे त्याला.” तिने तोंड वाकडं केलं. “आणि म्हणायचे, गहू सोड, तलवारी खा. इंग्लिशमध्ये गंज पण रस्ट आणि तांबेरा पण रस्टच ना!”

संग्राम हसला नाही. शेडच्या सावलीत शेरू पसरला होता. तांबूस रंगाचा, त्याच्याकडे बघून शेपटी हलवणारा.

दुपारी सुजाताने डबे उघडले.

“तुमी बसा जेवायला, मी आलोच.”

त्याने शेरूला पंपाच्या खोलीमागे नेऊन बांधलं. भाकरी मिळणार, असंच वाटलं असेल बिचाऱ्याला. शेतकीची पदवी घेतलेला माणूस, अंगारेधुपारे करणाऱ्यांना हसणारा. आणि हे काय चाललंय आपलं? तरी तो विळा आणायला शेडमध्ये गेला.

खुंटीवर विळा नव्हता. त्याने पोती उचकटली, डबे पालथे घातले. नाहीच. परत आला तर तिथे नुसती दोरी.

वाफ्याच्या मधोमध योगिनी उकिडवी बसली होती, शेजारी शेरू. विळा तिने मुठीपर्यंत मातीत रोवला होता आणि त्यावर शाळेच्या बाटलीतलं पाणी ओतत होती.

“हे काय गं?”

“लवकर गंजू दे म्हणून.” तिने वर बघितलं नाही. “त्या देवाला लोखंड पण चालतं, बाबा. पुस्तकात आहे.”

संग्राम मटकन खाली बसला. त्याला रडू फुटलं. शेरू त्याची तांबडी बोटं चाटू लागला.

“पाणी संपलं,” योगिनी म्हणाली.

तो उठला, आणि बाटली भरून घेऊन आला.