दीपालीच्या हातातला दोर

मी एक जुना दोर आहे. घायपाताचा, चांगला अंगठ्याएवढा जाड. अर्धापूरजवळच्या एका केळीच्या शेतात, विहिरीशेजारच्या लिंबाला माझं वेटोळं टांगलेलं असतं. मित्रांनो, दोर म्हटलं की तुम्हाला दावणीची जनावरं आठवत असतील. आठवू द्या. मी मात्र माणसं तोलली आहेत आणि प्रत्येकाला सुखरूप वर आणलं आहे. एवढं तरी छाती पुढे काढून सांगू द्या.

मला संगप्पा नावाच्या दोर वळणाऱ्या कारागिराने वळलं. पीळ देताना तो मध्येच थांबून मला बोटांनी चाचपायचा, आणि जरा सैल लागलं की सगळं उलगडून पुन्हा वळायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. आज कळतं, मी इतकी वर्षं टिकलो ते त्याच्याच चिकाटीमुळे.

मला विकत घेतलं देविदासने. त्याच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. मोटारीच्या पाइपाची जाळी गाळाने तुंबली की कुणाला तरी खाली उतरावं लागे. देविदास उतरायचा आणि त्याची बायको दीपाली दोर धरायची. लिंबाच्या खोडाला माझा वेढा आणि पुढचं टोक तिच्या मुठीत. दोघांची एक रीत होती. कमरेला बांधण्याआधी ती विचारायची, "बांधू का?" तो हो म्हणाला तरच गाठ मारायची. आणि खालून "थांब" आलं की मी जागच्या जागी. का थांबायचं, ते वर आल्यावर. धरणाऱ्याच्या हातात जोर असतो, पण हुकूम लोंबकळणाऱ्याचा चालतो. हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी नुसता फास आहे.

देविदास गेला तो विहिरीत नव्हे, नांदेडच्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात. पण लोकांना कुठे तरी बोट ठेवायचंच असतं. दीपालीचे सासरे आप्पासाहेब म्हणाले, "विधवेच्या हातच्या दोरावर कोण उतरंल आता?" ते दुष्ट नव्हते. पोटचा मुलगा गेला होता आणि आपल्या भीतीला ते रीत म्हणत होते. मला लागलं ते वेगळंच. दीपालीनेही ते खरं मानलं. तिने मला लिंबावर अडकवलं आणि नंतर हात म्हणून लावला नाही. खारींनी माझे धागे ओढून घरटी केली. उन्हाळ्यात जाळी तुंबली, पाणी मिळेना आणि केळीची पानं कडांनी करपू लागली.

तेव्हा व्यंकट आला. हा शिरूर अनंतपाळचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, मग मला उतरवून माझा पीळ वितीवितीने तपासला. खरं सांगतो, मी सुखावलो.

"दोर कोण धरतं?" त्याने विचारलं.

"गड्याला बोलावतो," आप्पासाहेब म्हणाले.

व्यंकटची नजर दीपालीच्या तळव्यांवर गेली. "घट्टे तर ह्यांच्या हाताला हायत. ह्यांनी धरला तर उतरतो."

"विधवा हाय ती."

"माझीबी बायको गेली, काका. माझा दोर तीच धरायची. तिच्यामागं मी एकाबी विहिरीत उतरलो न्हाई. पर माझ्या हातच्या मोटारीला कुणी अशुभ म्हणत न्हाई."

दीपाली पुढे आली. मला हातात घेऊन तिने विचारलं, "बांधू का?"

"बांधा."

तो अर्ध्यावर गेला आणि खालून हाक आली, "थांबा." दीपालीने मला जागीच आवळलं.

"सोड की, अजून अर्धी विहीर हाय," आप्पासाहेब म्हणाले. तिने सोडलं नाही. व्यंकट भिंतीला कपाळ टेकून लटकत होता. त्याला त्याची बायको आठवली होती, हे फक्त मला कळत होतं. वर दीपालीच्या तळव्यांची सालटी निघत होती, पण तिने त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "आता सोडा." त्या दिवशी केळीला पाणी मिळालं. आणि मी? मी तर हवेतच होतो.

त्यानंतर जाळी तुंबो न तुंबो, व्यंकट येऊ लागला.

"मोटार बरी हाय," दीपाली हसू दाबत म्हणायची.

"हाव, पर बघून जावं म्हणलं."

एके दिवशी लिंबाखाली त्याने सरळ विचारलं, "माझ्यासंगं लगीन करता का?"

तिचा चेहरा उतरला. "न्हाई. माझ्या हातात माणूस टिकत न्हाई."

"बरं," एवढंच तो म्हणाला. पुन्हा विषय काढला नाही, रुसला नाही, आणि यायचंही सोडलं नाही. असं थांबता येणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

पुढे जाळी पुन्हा तुंबली. व्यंकट सदरा काढू लागला, तर दीपाली म्हणाली, "आज मी उतरते."

"येडी झालीस का?" आप्पासाहेब म्हणाले.

"मामा, आजवर मीच तोलत आले. मला कुणी तोलतं का, ते बघायचंय."

व्यंकटने मला उचललं. "बांधू का?"

"बांधा."

अर्ध्यावर तिने "थांबा" म्हटलं. मी थांबलो. मग तिने भिंतीवरचे दोन्ही हात काढले. तिचा सगळा भार पहिल्यांदाच माझ्यावर आला, आणि देविदाससाठी घरात कधी न रडलेली दीपाली तिथे मोकळी रडली. आप्पासाहेब घाबरून म्हणाले, "ओढ तिला वर." व्यंकट म्हणाला, "त्या म्हणतील तवा."

रडणं ओसरलं. मग विहिरीतून तिचा आवाज आला. "तुमी मागं एक विचारलं व्हतं. माझं हाव हाय, करते लगीन. घ्या वर."

विहीर कुठलाही शब्द मोठाच करून सांगते. आप्पासाहेबांनीही तो ऐकला. मग धोतराचा सोगा खोचून व्यंकटच्या मागे आले आणि माझं शेपूट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. "एकट्याला जड जाईल," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, पण कामावर आहे. मला नीट वाळवा, सावलीत ठेवा, एवढंच मागणं. आणि एक ध्यानात घ्या. ओझ्याने माझा एक धागाही तुटला नाही. माझे जे धागे गेले, ते लिंबावर नुसतं टांगून ठेवलं त्या दिवसांत गेले. घरातल्या माणसाला असं टांगून ठेवू नका.